बिरूतात्यांची तंबाखू

बिरूतात्या पाहुण्याला नमस्कार करत नाहीत, त्याचे हात हुंगतात. आमदार असो की पोस्टमन. तंबाखूचा वास आला की दुधाचं पातेलं पुढं. "बुडवा. दोनी. नखांसकट!"

आटपाडीत दुधानं हात धुवायला लावणारा माणूस वेडाच ठरणार. पण तात्या वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. गावाबाहेरच्या संशोधन केंद्रात ते स्वतः पॉलीहाऊसमध्ये तंबाखूच लावतात. खायला नव्हे, तिच्या पानांत मेंढ्यांच्या बुळकांडी रोगावरची लस तयार करायला. अशी लस माणसांसाठीही होऊ शकते म्हणे, पण तात्यांना आधी मेंढरं. चघळायच्या तंबाखूतला रोग बोटांवरून रोपांना लागतो, दुधानं तो मरतो. म्हणून पातेलं.

मी मेंढपाळांसाठी पत्रकं काढते. जतला प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं लशीला बर्फ कोण पुरवणार? लस पोचते ती कोमट होऊन! तात्यांची लस बर्फाविना टिकेल, अशी आशा होती. त्यात जतकडं साथ सुरू झालेली, आणि तात्यांच्या थोरल्या भावाचा कळप तिकडंच चरायला गेलेला.

"आवं तात्या, कवा देणार लस?"

"तुज्या घोषणांनी पान वाढत न्हाई, पोरी. हात दाखव."

एका सकाळी पानांवर पिवळे-हिरवे डाग दिसले. तात्यांचा चेहराच उतरला. बाहेरचं तर कुणी आत आलं नव्हतं. तेवढ्यात त्यांची आई रोजच्यासारखी आत आली. कमरेची चंची सोडून तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि त्याच हातानं पानं कुरवाळू लागली. "लेकरं लय सुकल्यात रं."

अख्ख्या तालुक्याचे हात हुंगले, आईचे तेवढे राहिले! मी तोंड उघडलं, तर तात्यांनी माझं मनगट दाबलं.

"माज्यामुळं काय झालं का रं?" म्हातारीनं विचारलं.

"न्हाई आई. बियाणंच खोटं निघालं."

सगळी रोपं उपटून जाळली. पुन्हा पेरलं. पॉलीहाऊसच्या दारात खुर्ची आली. "आई, तू हितं बसायचं. आत कुणाला सोडायचं न्हाई. तू उठलीस की राखण मोडली."

म्हातारी काठी घेऊन बसली. मलाच दरडावते, "थांब गं! साहेब कामात हायेत."

परवा तिनं विचारलं, "बिरू, लस हुईस्तवर आपली मेंढरं तग धरतील न्हवं?"

"धरतील की," तात्या म्हणाले.

मग भावाचा फोन आला. तो घ्यायला ते आईला ऐकू जाणार नाही इतक्या लांब गेले.