सुपडूमामांचा कान

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते. पण सुपडूमामांबद्दल लिहावंसं वाटलं.

लोक कानाला फोन लावतात, आमचे शेजारी सुपडूमामा पऱ्हाटी लावतात. कापूस वेचून झाला की शेतात झाडाच्या वाळक्या काड्या उरतात, ती पऱ्हाटी. मामा ती कानाशी धरून मोडतात. कट्‌ आवाज आला तर म्हणतात, "बोलली!" नुसती वाकली तर, "मुकी हाय," आणि बाजूला फेकतात.

आमच्याकडे पऱ्हाटी चुलीत जाते, नाहीतर बांधावर पेटवून देतात. मामा ती विकत घेऊन मोताळ्याच्या पुढच्या एका कारखान्याला ट्रॉलीने पाठवतात. तिथे तिचा भुगा करून, दाबून त्याच्या कांड्या करतात. त्या वीज केंद्रात कोळशात मिसळून जाळतात.

मला याचं फार नवल वाटायचं. एकदा मी विचारलं, "मामा, माझ्या घरातला उजेड पऱ्हाटीचा का कोळशाचा, हे कसं वळखायचं?"

मामांनी बल्बकडे बराच वेळ पाहिलं. "थे नाही समजत. पन तेवढा कोळसा वाचला."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणाच्याही घरात शिरून रिकाम्या खोलीतला पंखा बंद करतात आणि हेच म्हणतात. पुतण्याच्या हळदीला त्यांनी मांडवातली दिव्यांची माळ बंद केली, तर नवरदेवाच्या नाकात हळद गेली.

पानटपरीवरचे लोक छेडतात, "मामा, हा पंखा कायच्यावर फिरून राह्यला?"

"पह्यले दोन चक्कर पऱ्हाटीचे. बाकी कोळसा." मामा हसत नाहीत.

एवढा खटाटोप काऊन, तेही मी विचारलं. त्यांची मुलगी शोभा वीज केंद्राजवळच्या गावात दिली आहे. "चार दिवस राह्यलो तिथं," मामा म्हणाले. "खिडकीवर बोटानं नाव लिव्हता येते, एवढी राख. वाळू घातलेले कपडे पुन्हा धुवा लागतात. शोभीची पोरगी खोकलून खोकलून लाल होते." तेव्हापासून दिसले की मी विचारते, पोरीचा खोकला कसा आहे? मामींना जाऊन पाच वर्षं झाली. घरात दुसरं कुणी नाही.

आता माझी चूक सांगते. कापसावर पाणी शिंपडून वजन वाढवणारे मी पाहिले होते. गेल्या फाल्गुनात मी माझ्या पऱ्हाटीच्या मोळ्यांवर दोन बादल्या पाणी मारलं. मामांनी काडी कानाशी धरून मोडली, काही बोलले नाहीत, पैसे दिले. माझ्या मोळ्या ट्रॉलीत सगळ्यात वर पडल्या.

कारखान्याच्या फाटकावर यंत्राने ओल मोजली आणि अख्खी ट्रॉली परत आली. सोबत निरोप : पुन्हा ओला माल आला, तर या गावची पऱ्हाटी कायमची बंद.

मामांनी ती दारासमोर पसरली. आठ दिवस उन्हात पापडासारखी उलटीपालटी केली. एकेक काडी कानाला लावली. मी दाराआडून पाहायची, समोर जायची हिंमत नव्हती. नवव्या दिवशी ट्रॉली गेली आणि कारखान्याने माल घेतला. दुसऱ्या खेपेचं भाडं, अठराशे रुपये, मामांच्याच खिशातून गेलं.

तेव्हा मी चहा घेऊन गेले. मान खाली घालून सांगितलं, "मामा, पानी मी मारलं होतं."

"मले माहीत हाय. तुही काडी मुकीच होती."

"मंग घेतली काऊन?"

मामा बशीत चहा ओतत राहिले. "सारं गाव मले पऱ्हाटीचा भाव इचारते. पोरीचा खोकला तू एकटीच इचारते. तुले कसं म्हनू, मंगल, तुही पऱ्हाटी ओली हाय म्हून?"

भाड्याचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी म्हटलं, "नाही घेतले तर मले तोंड दाखवता येनार नाही." मग तयार झाले. निंदणाच्या मजुरीतून दर सोमवारी शंभर-दोनशे नेऊन दिले. गेलं की मामा चहा ठेवत, शोभाचं सांगत.

मागच्या सोमवारी शेवटचे शंभर दिले. मामांनी नोट घडी करून खिशात ठेवली आणि ओट्याकडे पाहत म्हणाले, "फिटले. आता तुले यायचं काही कारन नाही राह्यलं."

"पोरीचा खोकला कसा हाय?" मी विचारलं, आणि ओट्यावर बसले.