कावळ्यांनी ओळखलेला प्रल्हाद

भर थंडीत, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, काळी छत्री उघडून दूध आणायला निघालेला माणूस तुम्हाला अकोल्यात जठारपेठेत दिसला, तर तो आमचा प्रल्हाद समजा. माझ्या शेजारच्या वच्छलाबाईंचा मुलगा. वय पन्नाशीला टेकलेलं, मिशा भरघोस, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी "काय वं काकू!" म्हणाला की माझ्या स्वयंपाकघरातली झाकणं वाजतात. एवढा धिप्पाड माणूस, कोवळ्या उन्हाला काय घाबरतो, असं तुम्ही म्हणाल. तो उन्हाला घाबरतच नाही. तो कावळ्यांना घाबरतो.

"ओळखतेत ते मले," तो सांगतो. "चेहऱ्यानं."

हसू नका. मी आधी हसून घेतलंय, पोटभर. पण त्याची बाजू ऐकली तर तुम्हीही जरा गप्प व्हाल.

प्रल्हाद नागपूरच्या मेट्रोत तारेवर आहे. मेट्रोच्या डोक्यावरून वीज वाहणारी तार जाते ना, ती धड ठेवायची, हे त्याचं काम. आठवडाभर नागपुरात खोली करून राहतो आणि सुटी मिळाली की अकोल्याला घरी येतो. आता कावळा घरटं बांधतो ते नुसत्या काड्यांचं नसतं. लोखंडी तारांचे तुकडे आणतो, कपडे टांगायचे मोडके हँगर आणतो, आणि नेमका मेट्रोच्या खांबावर, तारेला खेटून संसार थाटतो. त्यातला एखादा तुकडा लोंबून तारेला लागला की लाईन बंद. गाडी अधांतरी उभी आणि आत माणसं कोंडलेली. म्हणून पहाटे, पहिली गाडी सुटायच्या आधी, लाईन बंद करून प्रल्हाद वर चढतो आणि घरटी उतरवतो. दरवर्षी, विणीच्या दिवसांत, हेच.

"मी बी पोटासाठी करतो, ते बी लेकरासाठी करतेत," तो म्हणतो. "पण त्यायले काय समजते? त्यायले इतकंच दिसते का हा मिशीवाला आपलं घर मोडून राहिला."

मग ते चोच मारतात. नागपुरात डोक्यावर हेल्मेट असतं म्हणून वाचतो. अकोल्यात छत्री.

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, पण ते नागपूरचे कावळे. आपल्या अकोल्याच्या कावळ्यांचं तू काय वाईट केलंस?"

"काकू, अमरावतीची बातमी अकोल्याले कशी येते? कमलामावशी येते ना घेऊन? तशीच."

कमलामावशी म्हणजे वच्छलाबाईंची धाकटी बहीण, दिली अमरावतीला. बातम्यांच्या बाबतीत तिच्यापुढे कावळ्यानं चोच मिटून बसावं.

नोकरीनं त्याला आणखी एक खोड लावलीय. तारेवर काम करणाऱ्याला पहिला धडा हा की कोणतीही तार बंद आहे असं मानायचं नाही. लाईन बंद केल्याचा निरोप आला तरी स्वतः तपासायची, दोन्हीकडून जमिनीला जोडायची, मगच हात लावायचा. हे तो घरीही पाळतो. "चालूच समजा" हे त्याचं ब्रह्मवाक्य. कुकरची वाफ गेली? चालूच समजा. गल्लीतलं कुत्रं झोपलंय? चालूच समजा. आमचे हे दुपारी आरामखुर्चीत घोरत होते आणि मी हळू आवाजात त्यांच्या बहिणीबद्दल काही सांगायला लागले, तर प्रल्हादनं ओठांवर बोट ठेवलं. "चालूच समजा, काकू." आणि खरंच, ह्यांचा एक डोळा उघडा!

वच्छलाबाईंचा धंदा फुलांचा. माळ्याचं घर, गावाबाहेर झेंडू-शेवंतीचा तुकडा, आणि देवळाबाहेर पाटीवर दुकान. त्यांच्या फुलांच्या टोपल्या सारख्या कमी व्हायच्या. एक दिवस त्यांनी प्रल्हादला पिशवीत टोपली कोंबताना धरला.

"काहून रे? नागपुरात फुलं इकून राहिला का?"

"नाई वं माय. पिल्लं असली का घरटं टोपलीत ठेवतो अन् बाजूच्या झाडाले बांधून देतो. खांबावरून झाडावर. बदली समज."

वच्छलाबाई मला म्हणाल्या, "पाहा बाई, सरकारी माणसाले बदली मिळत नाई, हा कावळ्यायले देऊन राहिला." पण पुढच्या खेपेपासून जरा घट्ट विणीची टोपली त्या स्वतःच बाजूला काढून ठेवू लागल्या.

लग्न नाही झालं त्याचं. जमत आलं होतं एकदा. कमलामावशीनंच आणलेलं स्थळ, नांदगाव पेठेचं. मुलगी शिकलेली, तिथल्याच कापडाच्या कारखान्यात नोकरीला. मुलीच्या अंगणात कडुनिंबाखाली खुर्च्या मांडलेल्या. पोहे आले, मुलगी आली, आणि निंबावर कावळाही आला. प्रल्हादनं शांतपणे छत्री उघडली.

मुलीच्या वडिलांनी वर पाहिलं. "पाणी येऊन राहिलं का?"

"नाई. कावळा हाये. वळखीचा."

स्थळ गेलं. मावशी महिनाभर बोलली नाही. वच्छलाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "एका कावळ्यापाई माही सून गेली." प्रल्हाद मात्र कधीमधी माझ्या ओट्याशी चहा पिताना म्हणायचा, "पोरगी हसली होती, काकू. वाईट नाई हसली. चांगली हसली होती." आणि कप धुऊन ठेवायचा.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी वच्छलाबाई गेल्या. झोपेतच गेल्या. प्रल्हाद नागपूरहून आला, सगळं रीतसर केलं, डोळ्याला पाणी नाही. मला वाटलं, पुरुषमाणूस, आतल्या आत गिळत असेल. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, आवाज असा बारीक की एक झाकण हललं नाही.

"काकू, दहाव्याचं कसं?"

"कसं म्हणजे? गुरुजी ठरलेत, मावशी आहे, मी आहे. सगळं होईल."

"तसं नाई. कावळ्याचं."

माझ्या तोंडाशी हसू आलं होतं, ते त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिथंच राहिलं.

"जिंदगीभर त्यायची घरं मोडली म्या," तो म्हणाला. "आता माह्या मायच्या पिंडाले कोणता कावळा शिवन?"

मी समजूत घातली. देव सगळं पाहतो म्हटलं, तू टोपल्या बांधल्या ते नाही का पाहिलं त्यानं? तो मान डोलवत होता, पण ऐकत नव्हता.

दहाव्याला आम्ही मोर्णेच्या घाटावर गेलो. हल्ली आम्ही बायकाही जातो. एक गुळगुळीत डोक्याचा, बिनमिशीचा माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"वळखलं का, काकू?"

"नाही रे बापा! अरे, तू होय!"

त्याच्या चेहऱ्यावर त्या दहा दिवसांत पहिल्यांदा उजेड आला. "तुमी नाई वळखलं? मंग जमते. मंग जमते."

पिंड मांडले. बाजूला पानावर वच्छलाबाईंच्या आवडीची मिरचीची भजी आणि कपात अर्धा चहा, साखर जास्त. समोरच्या बाभळीवर कावळा बसलेलाच होता. आम्ही मागे सरलो. कावळ्यानं भज्यांकडे पाहिलं, मग मान वाकडी करून प्रल्हादकडे पाहिलं, आणि बसून राहिला.

मग सुरू झालं. कमलामावशी हात जोडून पुढे झाली. "अवं वच्छला, याची काळजी नोको करू. मी याचं लगन लावून देतो." कावळ्यानं फांदीवर चोच घासली. मी म्हटलं, "वच्छलाबाई, हा आला की याचं जेवण माझ्याकडे." नाही. ऊन चढलं. चहावर साय आली. मावशीचा धीर सुटला.

"तूच बोल ना रे! म्हण, यापुढं घरटी नाई मोडत."

"कसं म्हणू, मावशी?" प्रल्हाद म्हणाला. "लाईन बंद पडली का आत लोकं अडकतेत. लेकरं असतेत, म्हातारी असतेत. मोडाच लागतेत. मायपुढं खोटं बोलू का?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तसं चालतं म्हणाले, शास्त्रात आहे.

"थांबा, महाराज," प्रल्हाद म्हणाला. "मी बाजूले होतो."

"अरे, तू मुलगा! तू इथं पाहिजेस!"

"मी हाये म्हणून तर तो येऊन नाई राहिला."

तो निघाला. घाटाच्या वरच्या अंगाला महादेवाचं लहानसं देऊळ आहे, त्याच्या मागच्या भिंतीआड गेला. एवढा मोठा देह, पण जाताना असा आखडून गेला, जणू ती जागा त्याची नव्हतीच.

कावळा खाली उतरला. आधी लांबच बसला. मग टुणटुण करत पानाशी आला, भज्याला चोच लावली, पिंड फोडला. मागून आणखी दोन आले. मावशीनं तोंडाला पदर लावला. मी चपला हातात घेऊन देवळाकडे धावले. या वयात, पण धावले.

तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. डोळे गच्च मिटलेले, हात जोडलेले.

"प्रल्हाद, शिवला! अरे शिवला! चल, पाहा तरी एकदा, लांबून!"

त्यानं मान हलवली. वळला नाही. इतके दिवस अडलेलं पाणी त्याच्या बिनमिशीच्या ओठांवरून वाहत होतं, तेही त्यानं पुसलं नाही.

"हळू बोला, काकू," तो म्हणाला. "माय जेवून राहिली."