सत्तेचाळीस नंबरचं मरण

मो चुन-शिक यांना सकाळी सव्वाअकराला मरायचं होतं. वेळापत्रकात तसं छापलेलंच होतं : '११.१५, सत्तेचाळीस नंबर मरतो. ११.४५, जेवण.' तो कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला होता आणि सकाळपासून तीनदा काढून वाचला होता.

चुन-शिक सत्तावन्न वर्षांचे होते. तालुक्याच्या वाचनालयात परत आलेली पुस्तकं मोजून घेण्यात त्यांची उभी नोकरी सरली. ती सुटल्यावर सहा वर्षं ते मालिकांमधल्या गर्दीत उभे राहत होते. राजवाड्याच्या दारातली गर्दी, इस्पितळातली गर्दी, अंत्ययात्रेतली गर्दी. दर वेळी कॅमेरा त्यांच्या मागे असे. त्यांची पाठ अर्ध्या कोरियाने पाहिली होती, तोंड कुणीच नाही.

या मालिकेत मात्र त्यांना चेहरा मिळाला होता. दोनशे माणसं एका बंद शाळेत कोंडलेली असतात, त्यांना खेळ खेळायला लावतात आणि हरेल त्याला मारतात, अशी ती गोष्ट. पहिला खेळ सुरू व्हायच्या आधी सत्तेचाळीस नंबरचा एक भित्रा माणूस हात वर करतो आणि म्हणतो, "माफ करा, मला घरी जायचंय." मुखवटा घातलेला पहारेकरी त्याला गोळी घालतो. ही थट्टा नाही, हे बाकीच्यांना तेव्हा कळतं. सत्तेचाळीस नंबरचं काम तिथे संपतं. पण पाच शब्द होते. चुन-शिक यांनी तीन आठवडे कपडे धुण्याच्या यंत्रासमोर उभं राहून ते पाठ केले होते.

अडचण एवढीच होती, की कोण जगतो आणि कोण मरतो हे बाहेर सांगायचं नाही, अशा कागदावर सगळ्यांनी सही केली होती. बाकीच्यांनी सही केली, चुन-शिक यांनी कागद वाचलाही होता. त्यामुळे सुवॉनच्या बाजारात तोंडीलावणी विकणाऱ्या थोरल्या बहिणीचा फोन आला आणि तिने "शेवटपर्यंत आहेस ना रे?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू, नूना."

आईवडील लवकर गेल्यावर बुन-रे नूनाने, म्हणजे या थोरल्या ताईनेच, त्यांना वाढवलं होतं. लहानपणी आणखी भात हवा असला, तरी हा मुलगा "बघू" म्हणायचा. नवी वही हवी असली तरी "बघू". नूनाच्या लेखी या शब्दाचा अर्थ पन्नास वर्षं एकच होता : हो, हवंय, पण मागायची लाज वाटते.

साडेदहा वाजता फाटकातून कॉफीची गाडी आत आली.

अशा गाड्या नेहमी येत. नटाचे चाहते त्या पाठवत आणि सगळ्यांना कॉफी पाजत. त्यामुळे ही गाडी नायकाची, म्हणजे सो-हानची, असं सगळ्यांनी धरलं. सो-हान केस सारखे करून फोटोला पुढेही झाला. तेवढ्यात गाडीवरचा फलक उलगडला :

'आमच्या मो चुन-शिकला शेवटपर्यंत जिवंत ठेवा! — तोंडीलावण्यांची गल्ली, सुवॉन'

शेजारी माणसाएवढं चित्र उभं केलं होतं. ते भाचीच्या लग्नातल्या फोटोवरून केलेलं असल्यामुळे चुन-शिक यांच्या खांद्यावर कुणाचा तरी कापलेला हात तसाच राहिला होता. प्रत्येक पेल्यावर त्यांचा चेहरा चिकटवला होता. गाडीमागून एक टेम्पो आला. त्यातून बुन-रे नूना आणि गल्लीतल्या तीन बायका डबे घेऊन उतरल्या, कारण गाडीवाल्याच्या खाण्यावर नूनाचा भरवसा नव्हता.

दहा मिनिटांत दोनशे माणसं चुन-शिक यांच्या तोंडातून कॉफी पिऊ लागली.

दिग्दर्शकांची मदतनीस बो-रा धावत आली. काल तिने त्यांना "ओ सत्तेचाळीस, जरा सरका," म्हटलं होतं. आज ती कमरेत वाकली. "सर, आधी नाही का सांगायचं? आम्ही तुम्हाला जमिनीवर बसवून जेवायला घातलं."

"छान होतं जेवण," चुन-शिक म्हणाले. "आभारी आहे."

सो-हान येऊन दोन्ही हातांनी हात मिळवून गेला. कुणीतरी पाठीला टेकायला खुर्ची आणली. चुन-शिक यांनी त्या सगळ्यांचे आभार मानले, खुर्चीवर बसले मात्र नाहीत. शेवटी त्यांना गोळी घालणाऱ्या पहारेकऱ्याचं काम करणारा ग्यू-हो मुखवटा काखेत धरून शेजारी उभा राहिला. त्याच्या हातातल्या पेल्यावर चुन-शिक हसत होते.

"काका, त्या मावशींनी मला माशाच्या वड्यांच्या पाच काड्या खायला लावल्या."

"चांगल्या असतात तिच्या."

"मग विचारलं, आमच्या चुन-शिककडे बघतोस ना नीट? मी हो म्हणालो." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "काका, अजून वीस मिनिटांनी..."

"तू तुझं काम कर, बाळा."

पण काम होईना. पहिल्या खेपेला ग्यू-होने गोळी छताच्या दिशेने झाडली. दुसऱ्या खेपेला नेम बरोबर लागला, पण चुन-शिक सवयीने कमरेत वाकले आणि "आभारी आहे" म्हणून मग पडले. तिसऱ्या खेपेला ग्यू-होच्या हातातलं पिस्तूलच खाली पडलं, आणि चुन-शिक यांनी ते उचलून त्याला दोन्ही हातांनी परत दिलं.

दिग्दर्शक प्यो यांनी जेवण लवकर लावलं. खरं तर मुळ्याच्या आंबवलेल्या किमचीचा वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. नूनाने त्यांच्यासमोर सात वाट्या मांडल्या आणि ते जेवत असताना ती बाजूला उभी राहिली. फार काही बोलली नाही. एवढंच म्हणाली, की सहा वर्षं आम्ही दुकानातल्या टीव्हीवर ह्याची पाठ शोधतोय. दर वेळी मी गल्लीला बोट दाखवून सांगते, तो बघा, तो. तुम्ही त्याला समोरून दाखवताय. तुमचं भलं होवो.

दिग्दर्शकांनी चमचा खाली ठेवला. त्यांनी लेखकाला बाजूला नेलं, आणि पाच मिनिटांत सत्तेचाळीस नंबरचे प्राण वाचले. त्याच्याऐवजी अठ्ठेचाळीस नंबर मरणार होता. ही बातमी त्यांनी स्वतः येऊन सांगितली, सणाची भेट द्यावी तशी.

"तुम्ही जगताय, चुन-शिक साहेब."

चुन-शिक कमरेत वाकले. मरायचं आहे हे कसं सांगावं ते त्यांना सुचेना. "फार आभारी आहे," ते म्हणाले.

अठ्ठेचाळीस नंबर हा व्यायामशाळेत शिकवणारा धिप्पाड गडी होता. त्याने ते पाच शब्द असे म्हणून दाखवले, की जणू तोच सगळ्यांना घरी पाठवणार होता. तो समोरच्या रांगेत होता, म्हणून कॅमेरा उचलून दुसऱ्या भिंतीशी नेला. चुन-शिक उभे होते तिथेच राहिले, आणि कॅमेरा पुन्हा त्यांच्या पाठीमागे आला.

आता नूनापासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून तिला दिग्दर्शकांशेजारी पडद्यासमोर बसवलं होतं. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "ही तर पाठ आहे," ती म्हणाली.

"चालू करा," दिग्दर्शक म्हणाले.

दोनशे माणसं स्तब्ध झाली. अठ्ठेचाळीस नंबरने छाती फुगवली. त्याने हात वर करायच्या आधीच त्याच्या समोरचा एक हात वर गेला, खांद्याच्या वर जेमतेम.

"माफ करा," चुन-शिक म्हणाले. "मला मरायचंय."

कुणाला तरी हे शब्द नवीनच लिहिलेत असं वाटलं. नूना मात्र खुर्चीवरून उठली आणि कॅमेऱ्याच्या तारा ओलांडत थेट आत आली.

"कोण काय बोललं तुला?"

"कुणी नाही, नूना. सगळे फार चांगले आहेत." त्यांनी सही केलेला कागद आठवून आवाज खाली आणला, जरी तिथल्या प्रत्येकानेच त्यावर सही केली होती. "मी पहिल्याच भागात मरतो. सगळ्यांच्या आधी. मी मेल्यावरच बाकीच्यांना कळतं. तेवढंच आहे माझं. पण ते माझं आहे."

नूनाने त्यांच्या अंगातला सदरा सारखा केला. त्यांनी पन्नास वर्षांत तिच्याकडे सरळ काही मागितलं नव्हतं. मग ती दिग्दर्शकांकडे वळली.

"ऐकलंत ना? मारा त्याला." ती परत जाताना ग्यू-होजवळ थांबली. "आणि तू रे. पाच काड्या खाऊन हात कापतो?"

कॅमेरा पुन्हा जागेवर आला. अठ्ठेचाळीस नंबरने खिलाडूपणाने दोन पावलं मागे घेतली. चुन-शिक यांनी हात वर केला. समोर दिवे होते, पलीकडे काही दिसत नव्हतं, आणि नूना कुठे बसली आहे ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"माफ करा, मला घरी जायचंय."

ग्यू-होने गोळी घातली. चुन-शिक वाकले नाहीत, आभार मानले नाहीत. ते आधी गुडघ्यावर आणि मग कुशीवर पडले, पुस्तक हळूच फळीवर आडवं व्हावं तसे. आणि दिव्यांच्या पलीकडच्या अंधारातून एक म्हातारा, घोगरा आवाज आला :

"चुन-शिक, ऊठ. चल, घरी चल."

नूनाने लगेच दोन्ही हात तोंडावर दाबले. दिग्दर्शकांनी थांबा म्हटलं नाही. त्यांनी ध्वनी टिपणाऱ्याकडे पाहिलं. "आलं का?"

"आलं," तो म्हणाला आणि नाक पुसू लागला.

मालिका वसंतात लागली. सगळी गल्ली नूनाच्या दुकानात जमली. चुन-शिक अकराव्या मिनिटाला समोरून दिसले आणि अकराव्याच मिनिटाला मेले. गल्लीने टाळ्या वाजवल्या, दोघी रडल्या. चुन-शिक यांनी उठून प्रत्येकीचे आभार मानले. आता संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

पण दुसऱ्या भागात, नायक हरायला आला असताना, त्याच्या कानात तो आवाज घुमला : "ऊठ. चल, घरी चल." तिसऱ्यातही घुमला. शेवटच्या, दहाव्या भागात सो-हान एकटा फाटकातून बाहेर पडला, तेव्हा पडद्यावर दुसरा कुठलाच आवाज नव्हता. शेवटपर्यंत टिकली ती नूना.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकांचा फोन आला. दोघं बहीणभाऊ तेव्हा दुकानात मुळे धूत होते. नव्या गोष्टीत एक आजी होती, भरपूर बोलणारी, चेहऱ्यासकट. बुन-रे मावशी करतील का? नूनाने फोन कानाशी धरून एकदा भावाकडे पाहिलं, एकदा आपल्या ओल्या हातांकडे, आणि ती लाल झाली.

"बघू," ती फोनमध्ये पुटपुटली.

चुन-शिक यांनी हात पुसले, चपला घातल्या आणि कॉफीची गाडी ठरवायला बाहेर पडले.