दातांच्या सुट्टीचं आफ्रिकन जेवण

एका जंगलात, म्हणजे जिथं अजून कुणी रिसॉर्ट काढलं नव्हतं अशा एका जंगलात, पोरांनो, एक म्हातारं साळिंदर राहायचं. अंगावर काटे, जिभेवर त्याहून जास्त. शिक्षण दुसरीपर्यंत, तेही मास्तरांची बदली झाली म्हणून. कुणी चांगलं बोललं तरी त्याला टोमणा वाटायचा. आता माझ्याकडं बघून हसू नका. ही जंगलातली गोष्ट आहे.

या साळिंदराला एकच गोष्ट नीट यायची. गरगट. कोनफळं, करांदे, सुरण असले कंद जमिनीतून उकरायचे, चिंचेच्या पाण्यात उकडायचे आणि पळीनं घोटायचे. सोबत शेंगदाण्याचं झणझणीत कालवण. बाकी अक्कल बेताचीच.

त्या जंगलात वर्षातून एकदा सण असायचा. दातांची सुट्टी. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही. वाघ, कोल्हा, हरीण, ससा, सगळे एका पंक्तीला. जेवण असं लागायचं की चावावं लागू नये. दाताला काम मिळालं की त्याला जुनं सगळं आठवतं. आणि असंही लागायचं की वाघाचं पोट सकाळपर्यंत गच्च राहावं. साळिंदराचं गरगट पोटात दगडासारखं बसायचं. वाघ जेवला की पानावरच घोरायला लागायचा. म्हणून तर सण टिकला होता. प्रेमानं नव्हे, अपचनानं.

पण तोंडानं बरं कुणी म्हणायचं नाही. "पुन्हा गरगटच का?" म्हणायचे आणि वर तिसऱ्यांदा वाढून घ्यायचे. साळिंदराला एवढंच हवं होतं की मरायच्या आधी एकदा तरी कुणीतरी भर पंक्तीत म्हणावं, आबा, गरगट झकास झालंय. मागणी काही मोठी नव्हती. म्हाताऱ्यांच्या मागण्या मोठ्या नसतात, फक्त रोज असतात.

त्या वर्षी जंगलात आफ्रिकेहून एक चित्तीण आली. कशी आली, कुणी आणली ते विचारू नका. सरकारी काम होतं. उंच, सडपातळ, डोळ्यांखाली काळ्या रेघा. सगळं जंगल तिच्या मागं.

सण समितीचा अध्यक्ष होता मोर. समितीत तो एकटाच होता, पण ठराव एकमतानं व्हायचे. तो साळिंदराच्या बिळाशी आला.

"आबासाहेब, यंदा सणाला पाहुणीच्या देशाचं जेवण. ठराव झालाय. वाघमहाराजांचा पंजाही उमटलाय."

"म्हंजे मी काय करायचं?"

"फुफू. कंद उकडायचा, उखळात कुटायचा, गोळे वळायचे. शेंगदाण्याच्या रश्श्यात बुडवून न चावता गिळायचं. मला पोपटानं सांगितलं. तो मोठ्या हॉटेलच्या पिंजऱ्यात होता."

साळिंदरानं डोकं खाजवलं. "हे तर गरगटच झालं की."

मोर हसला. "गरगट ते गरगट, आबासाहेब. हे आंतरराष्ट्रीय आहे."

"पाहुणीला विचारलंत का, ती काय खाते?"

"पाहुण्याला असं विचारणं बरं दिसतं का?" म्हणत मोर पिसारा सांभाळत निघून गेला.

साळिंदर दिवसभर धुमसत होतं. शेजारची भेकर, म्हणजे छोटं हरीणच, कंद सोलायला आली. ती दर वर्षी यायची. वाघाच्या पंक्तीला बसायचं, तर जेवण घट्ट होतंय की नाही ते आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

"आबा, एवढं काय मनाला लावून घेता?"

"बघ तू पोरी. मी दर वर्षीचंच करणार. नुसते गोळे वळणार. सगळे पंजे चाटतील. आफ्रिका आफ्रिका म्हणून नाचतील. मग मी उभा राहून सांगणार, गाढवांनो, हे आपलं गरगट आहे."

"आपल्या पंक्तीत गाढव नाही, आबा."

"उद्या बघ किती निघतात ते."

सणाच्या दिवशी पहाटे कंद उकडून झाले. पळीनं घोटून राग जाईना, म्हणून साळिंदरानं ते उखळात घातले आणि मुसळ उचललं. प्रत्येक घावाला मोराचं तोंड डोळ्यापुढं. धप. धप. धप. आवाज पार डोंगरापलीकडं गेला. म्हाताऱ्याच्या कंबरेतूनही एक आवाज आला, पण तो त्यानं कुणाला सांगितला नाही.

दुपारी पंगत बसली. गोळे फिरले, कालवण फिरलं.

"वा," कोल्हा म्हणाला. "इथल्या मातीत हे होणे नाही."

"मी मागं एकदा खाल्लं होतं," ससा म्हणाला, "पण ते नकली होतं."

माकड तर डोळे मिटून बसलं होतं. साळिंदराच्या अंगावरचा एकेक काटा आनंदानं उभा राहिला. आता बोलायचंच. त्यानं पळी खाली ठेवली, घसा खाकरला.

तेवढ्यात मोर पाहुणीपाशी गेला. तिनं अजून पानाला हात लावला नव्हता.

"काय बाईसाहेब, घरची आठवण आली की नाही? तुमच्याकडं हेच खातात ना?"

"आमच्याकडं हे माणसं खातात," चित्तीण म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "मी हरीण खाते."

पंगत गार पडली. भेकर तिच्या शेजारीच बसली होती. मोरानंच बसवली होती, मानाची जागा म्हणून.

वाघानं उचललेला गोळा खाली ठेवला. "काय म्हणाली?"

"हरीण म्हणाली, महाराज." असल्या वेळी कोल्ह्याला फार चांगलं ऐकू येतं.

"मोरा, ठराव काय होता?"

"पाहुणीच्या देशाचं जेवण, महाराज." मोराचा पिसारा मिटला होता.

"हं." वाघानं भेकरीकडं बघितलं, मग पानाकडं. "हे खरंच तिकडचं असलं तर ठराव पुरा झाला. पण मला याचा वास ओळखीचा येतोय. आपलं गरगट असलं तर ठराव अपुरा राहिला, आणि तो पुरा करावा लागेल. मी कायद्याचं जनावर आहे. आबा, तूच सांग. हे काय आहे?"

आता बघा पोरांनो. साळिंदर ज्या प्रश्नाची वाट बघत होतं, तोच प्रश्न. विचारणारा खुद्द वाघ. सगळी पंगत कान टवकारून बसलेली. मोराचं नाक कापायचं तर एक शब्द पुरे होता. आणि शब्द खरा होता.

कोनफळं सोलून भेकरीचे पुढचे खूर जांभळे झाले होते. ते तिनं पोटाखाली घेतले.

साळिंदराच्या तोंडाशी 'गरगट' आलं होतं. ते त्यानं न चावता गिळलं.

"आफ्रिकेचंच आहे, महाराज. अस्सल फुफू."

"शपथ?"

"माझ्या काट्यांची."

वाघानं पाहुणीकडं मान वळवली. "तुमचं काय म्हणणं, बाई?"

"खाल्लं कधी नाही," ती म्हणाली. "पण तिकडं वस्तीच्या कडेला झोपायचे, तेव्हा पहाटे हाच आवाज यायचा. धप, धप. आज तो ऐकून जागी झाले आणि क्षणभर घरीच आहे असं वाटलं." तिनं एक गोळा उचलला, कालवणात बुडवला आणि गिळला. "माणसं उगाच कुटत नव्हती."

"मग ठराव पुरा," वाघ म्हणाला. "वाढ रे आबा."

तो खात गेला, साळिंदर वाढत गेलं. शेवटी वाघ पानावरच कलंडला आणि घोरायला लागला.

भेकर साळिंदराच्या कानाशी आली. "आबा," ती म्हणाली, "तुमचं गरगट झकास झालंय."

"हळू बोल," साळिंदर म्हणालं. "तो जागा होईल."

संध्याकाळी मोराचा सत्कार झाला. आफ्रिकन जेवण जंगलात आणल्याबद्दल. पळीवाल्याला कोण विचारतो? पण दुसऱ्या दिवसापासून माकडांच्या पोरी फुफू शिकायला बिळाशी यायला लागल्या.

"आबा, तुम्ही आफ्रिकेत कधी होता?" त्यांनी विचारलं.

"तरुणपणी," साळिंदर म्हणालं. मग त्याला ते आवडायलाच लागलं. "इथल्या कोनफळाला तिथली सर नाही," असं ते आता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचं. स्वतःच्या परसातलं कोनफळ हातात धरून.

पुढच्या वर्षी पुन्हा सण आला, पंगत बसली, गोळे फिरले.

"पुन्हा फुफूच का?" सगळे म्हणाले, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

तात्पर्य: पाहुण्याला त्याच्या देशाचं जेवण आवर्जून वाढावं, फक्त तो काय खातो ते विचारू नये. आणि स्वयंपाक्याला खरं बोलायची फारच हौस असेल, तर वाघ झोपल्यावर बोलावं.