जांभळा शिक्का आणि पंचवीस एमबी

शालन म्हणाली होती, "कागद शिवलिंगप्पाच्या झेरॉक्सवर द्या, ते स्कॅन करून मेल पण करतेत." मी म्हणालो, "घरात स्कॅनर असताना बाहेर कशाला?" माझा निर्णय एवढाच होता. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

शालन माझी बायको. चिंचोळी एमआयडीसीजवळ एका खासगी संस्थेच्या शाळेत ती सव्वीस वर्षं शिकवते. त्याच संस्थेनं मुख्याध्यापकपदासाठी अर्ज मागवले होते. सगळी कागदपत्रं ई-मेलनं, संध्याकाळी पाचच्या आत. याआधी दोनदा तिचं नाव शेवटच्या दोघांत येऊन राहिलं होतं. दुसऱ्या वेळी तर जिला हिनं हजेरीपट भरायला शिकवलं, तीच बाई खुर्चीवर बसली. त्या दिवशी शालन घरी आली आणि दोन तास भांडी घासत राहिली. (भांडी आधीच घासलेली होती.) मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून या वेळचा अर्ज स्वतः पाठवायचा असं ठरवून मी किरकोळ रजा टाकली.

सकाळी शाळेला निघताना ती दारात थांबली. "ह्या येळी राहू देऊ नका ओ. ह्याच्यानंतर माझं वय बसत न्हाय."

"काळजी करू नको. मी कचेरीत एकोणतीस वर्षं आवक-जावकचं टेबल बघतो."

"त्याचीच तर काळजी वाटतीय," ती म्हणाली आणि स्कूटीला किक मारली.

कागद एकूण ब्याण्णव होते. काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केले असते तर तासाभरात उरकलं असतं. पण काळा-पांढरा कागद म्हणजे झेरॉक्स, आणि झेरॉक्स म्हटलं की साक्षांकन आलं, हे मला कोणी शिकवायला नको. जांभळा शिक्का जांभळाच दिसला पाहिजे. मी रंगीत निवडलं, आणि खाली 'सर्वोत्तम दर्जा' असं दिसलं तेही निवडलं. बायकोच्या कामात मध्यम दर्जा निवडणारा नवरा मी नव्हे.

दुपारी बारा वाजता एकशे चौसष्ट एमबीची देखणी फाईल तयार झाली. मेलला जोडली. मेलनं सांगितलं, पंचवीसच्या वर चालत नाही.

हरकत नाही. कचेरीत जाड फाईल झाली की आम्ही तिचे खंड पाडतो. मी सात खंड पाडले. आता खंड म्हटला की त्याला कव्हरिंग लेटर हवं, त्यात विषय, संदर्भ आणि 'सोबत' हवं. नाहीतर समोरच्याला कळणार कसं की हा सातपैकी कितवा? सात पत्रं टाईप केली, प्रिंट काढली, सह्या केल्या आणि स्कॅन केली. (अर्थात रंगीत. माझी सही निळी आहे.) एकेक पत्र दोन एमबीचं झालं. साडेतेवीस आणि दोन, साडेपंचवीस. मेल जाईना.

मग आठ खंड पाडले. त्यामुळे सातही पत्रांवरचं 'सातपैकी' चुकीचं ठरलं. आठ नवी पत्रं केली. या वेळी 'सोबत'ची यादी दुसऱ्या पानावर गेली आणि पत्र चार एमबीचं झालं. साडेवीस आणि चार, साडेचोवीस, बसायला हवं होतं. तरी मेल जाईना. मी पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीला, दीक्षाला, फोन लावला.

"पप्पा, मेलला जोडल्यावर फाईल फुगते," ती म्हणाली.

"का फुगते?"

"फुगते, एवढंच धरून चाला. आणि ती पत्रं कशाला जोडताय?"

"म्हणजे पत्राशिवाय पाठवू? लोक काय म्हणतील?"

तिनं पत्रांचा विषय सोडला. मग म्हणाली, "ड्राइव्हवर टाका आणि फक्त लिंक पाठवा की."

तिनं सांगितलं तसं मी केलं. फाईल ड्राइव्हवर चढली. शेवटी प्रश्न आला: 'लिंक असलेला कोणीही पाहू शकेल' की 'मर्यादित'? कोणीही! माझ्या बायकोची जन्मतारीख कोणीही पाहणार! मी 'मर्यादित' दाबलं, लिंक संस्थेच्या पत्त्यावर पाठवली आणि तीन वाजून दहा मिनिटांनी चहा ठेवला.

साडेतीनला एक मेल आला. रेवन एकोणीसशे बहात्तर अशा नावाच्या कुणीतरी फाईल पाहण्याची परवानगी मागितली होती. आडनाव नाही, हुद्दा नाही, कारणही नाही. असे अर्ज मी रोज परत करतो. लगेच उत्तर लिहिलं: 'आपला विनंती अर्ज प्राप्त. तथापि अर्जात पूर्ण नाव, पदनाम व प्रयोजन नमूद नाही. त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावा.'

चारला पुन्हा मेल: 'मी रेवणसिद्ध. अर्जाची फाईल बघायची आहे. लवकर परवानगी द्यावी.'

घाई करणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. मी ओळखपत्र मागितलं. सव्वाचारला त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. तो अंधुक होता. मी कळवलं: 'प्रत अस्पष्ट. रंगीत व सुवाच्य प्रत पाठवावी.'

साडेचारला शालन घरात शिरली. पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

"गेला का अर्ज?"

"कधीच गेला. शिवाय एका भामट्याला तीनदा परत पाठवलं."

"कसला भामटा?"

मी कौतुकानं मोबाईल पुढे केला. तिनं तिन्ही मेल वाचले, पहिला परत एकदा वाचला आणि खुर्चीवर बसली.

"अहो, हे आमच्या संस्थेचे सेक्रेटरी हायत."

"मग त्यांनी पदनाम लिहायला नको?"

तिचे डोळे भरले होते. एकोणतीस वर्षांत अर्जदाराचा चेहरा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. "शालन, चुकलं माझं," मी म्हणालो. तिनं पदरानं डोळे पुसले, मोबाईल घेतला आणि 'परवानगी द्या' हे बटण एकदा दाबलं. दिवसभराच्या कामातलं खरं काम तेवढंच होतं.

पाचला सात मिनिटं असताना सेक्रेटरींचं उत्तर आलं: 'अर्ज वेळेत मिळाला. फाईल इतकी मोठी आहे की इथे उघडत नाही. मंगळवारी मुलाखतीला मूळ कागद घेऊन यावे.'

मंगळवारी मी तिच्यासोबत गेलो आणि बाहेरच्या बाकावर कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो. आतून कागद कोणी मागितलेच नाहीत. मधूनच मोठ्यानं हसण्याचा आवाज आला, तेव्हा मुलाखत चांगली चाललीय एवढं कळलं. वीस मिनिटांनी शालन बाहेर आली.

"काय विचारलं?"

"तुमचे तिन्ही मेल त्यांनी छापून ठिवलते. सगळ्यांनी आळीपाळीनं वाचले. मग अध्यक्षांनी इचारलं, 'हे गृहस्थ घरी पण असेच हायत का?' म्या म्हणलं, व्हय."

"मग?"

"'किती वर्सं झाली लग्नाला?' म्हणलं, सत्तावीस. मग ते बाकीच्यांकडं बघून म्हणले, 'बाईंना साडेतीनशे पोरं काय जड जातेत?'"

आठवड्यानं नेमणुकीचं पत्र आलं. शालनची निवड माझ्यामुळे झाली, असं मी भेटेल त्याला सांगतो. शालनही ते नाकारत नाही. फक्त कशी झाली, ते ती सविस्तर सांगते.