काकूंच्या नकाराची शिकवणी

सुमनकाकू हाक पुरी व्हायच्या आधीच 'हो' म्हणतात. तुम्ही नुसतं "काकू, जरा" एवढं म्हणा, पुढे चिवडा मागणार आहात की राहतं घर, याची चौकशी न करता आतून उत्तर येतं, "हो जी, त्यात काय!"

आमच्या दिग्रसला, निदान आमच्या गल्लीत तरी, तिन्हीसांजेला पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. हाक मारणारी हाकमारी असली तर ओ देणाऱ्याला घेऊन जाते, अशी जुनी समजूत. माणूस असेल तर पुन्हा ओरडेल. त्यामुळे संध्याकाळी आमच्याकडे प्रत्येक जण दोनदा ओरडतो आणि नवख्याला वाटतं, गल्लीत भांडण पेटलंय. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मी पहिल्याच हाकेला ओ देतो. फक्त आधी खिडकीतून बघून घेतो. काकू तर कढईवरून मानसुद्धा वर न करता 'हो' म्हणतात.

"काकू, खरंच हाकमारी आली तर?" मी एकदा विचारलं.

"तिच्याबी चकल्या करून देईन. तिले कोन करून देते बिचारीले?"

काकू एकट्याच राहतात, आमच्या भिंतीला भिंत. काका जिनिंगमध्ये कापसाची प्रत पाहायचे. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. बाजारात गाड्या येईनाशा झाल्या, जिनिंगला कुलूप लागलं आणि काकांनी जी खाट धरली ती सोडलीच नाही. दिवाळीच्या तोंडावर गेले. पुढच्या दिवाळीपासून काकूंनी सगळ्या गल्लीचा फराळ अंगावर घेतला. आम्हाला वाटलं, बरं झालं, बाई कामात रमली. शिवाय चकल्या उत्तम होत्या.

एका वर्षी ईद आणि दिवाळी पाठोपाठ आल्या. म्हणजे चकल्या, करंज्या, शंकरपाळे तर होतेच. वर समोरच्या गॅरेजवाल्या रशीदभाईंच्या शिरखुर्म्याचे बदाम-पिस्ते कातरायलाही काकूच. कुणाचं रुखवत, कुणाच्या पणत्या रंगवायच्या. काकूंच्या डोळ्यांखाली काळं आलं. एक दिवस तळताना झोक गेला आणि मनगटावर तेल उडालं. माझी बायको नंदा हळद लावता लावता चिडली. "गुरुजी म्हणवता ना? मग यांना नाही म्हणायला शिकवा."

मी शिकवणी सुरू केली. मी गिऱ्हाईक, काकू काकू.

"काकू, थोड्या चकल्या करून द्याल का?"

"नाई."

"शाब्बास!"

"पन भाजनी आनली का तुमी?"

पुन्हा पहिल्यापासून. केरसुणीला नाही म्हणून दाखवा, म्हटलं. ते जमलं. मांजराला नाही म्हणताना मात्र आवाज कापला, आणि त्याला दूध मिळालं.

एकदा अशीच शिकवणी चालू असताना दिवस मावळला. काकू मध्येच थांबल्या, फाटकाकडे वळल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, "हो जी, येतो न. पन आत्ता नाई, कढई चुलीवर हाये."

फाटकापाशी कुणी नव्हतं. मला काही ऐकूही आलं नव्हतं. फक्त फाटकाची कडी हलून थांबली. वारा असेल, मी स्वतःला सांगितलं. पण अंगणातल्या तुळशीचं पान हलत नव्हतं. काकूंना विचारायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून मी शिकवणी सकाळी घेऊ लागलो.

शेवटी कंटाळून मीच त्यांच्या फाटकात उभा राहिलो. भाजणीचे डबे घेऊन आलेल्या बायांना परत पाठवलं. "काकू यंदा कुणाचं काही करणार नाहीत." रशीदभाईंनाही सांगितलं, बदाम घरीच कातरा. ते म्हणाले, "बराबर है गुरुजी, भोत थकते काकू." नंदानेही अनारशांचे तांदूळ घरीच भिजत घातले. दोन दिवसांत काकूंचं अंगण रिकामं झालं. मला फार मोठं समाजकार्य केल्यासारखं वाटत होतं.

वसुबारसेच्या संध्याकाळी त्यांच्याकडे दिवा दिसेना, म्हणून मी डोकावलो. दाराला कुलूप होतं. काकू पायरीवर बसल्या होत्या. न्हाऊन, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, पायांत चपला घालून. अंगणातली चूल कधीचीच विझलेली होती. त्या घरात मी कधी इतकी शांतता ऐकली नव्हती.

"काकू, गावाला निघालात?"

"तुमच्या काकासंग," काकू म्हणाल्या.

मी दाराच्या कुलपाकडे बघितलं.

"जिनिंगातून आले का फाटकातूनच हाक मारत जी ते. सुमन, चाल, पुसदची गाडी सुटते ते पाहून येऊ. आमी दोघं स्टँडवर जाऊन नुसती गाडी पाहत. आमाले कुठी जायाचं नसे." काकू हसल्या. "आताबी बलावतात. दिवाई आली का रोज. मी सांगतो, लोकाईचं काम हाये, उरकलं का येतो. आता तं सारंच उरकलं. जन्मात त्याईले कधी नाई म्हटलं नाई मी. आता कोन्या तोंडानं म्हनू?"

सगळं माझ्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ही बाई आमच्या चकल्यांच्या आधारावर जिवंत होती, आणि तो आधार मी शहाणपणा करून काढून घेतला होता.

तेवढ्यात समोर गॅरेजपाशी झोपलेलं कुत्रं उठलं. रस्ता ओलांडून काकूंच्या फाटकापाशी आलं आणि रिकाम्या जागेकडे तोंड वर करून शेपटी हलवू लागलं. ओळखीच्या माणसापुढे हलवतात तशी. काकू उठल्या.

"हो जी," त्या म्हणाल्या.

"नंदा!" मी ओरडलो. एकदाच. गल्लीत कधी नव्हे ती नंदाने पहिल्या हाकेला ओ दिली. मी म्हटलं, "अनारशांचे तांदूळ आण! काकू करणार आहेत!" मग रस्त्याकडे तोंड करून, "रशीदभाई, बदाम आणा! सगळे आणा!"

नंदा पातेलं घेऊन धावत आली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पातेलं काकूंच्या हातात दिलं. "माझ्याच्यानं होत नाही हो काकू. माझ्या अनारशांना जाळीच पडत नाही."

काकूंनी तांदळात बोटं घातली. बराच वेळ त्या फाटकाकडे बघत राहिल्या.

"अजून भिजाले पाह्यजे," त्या म्हणाल्या. "रोज पानी बदलावं लागते याचं." मग चपला काढल्या आणि कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं.

कुत्रं थोडा वेळ तिथेच उभं राहिलं. मग कुणाला तरी पोचवायला जावं तसं स्टँडच्या रस्त्याने निघून गेलं.

आता मी गावभर काकूंसाठी कामं गोळा करत हिंडतो. दिवाळी सरली की तुळशीचं लग्न, मग संक्रांतीचा हलवा, मग शाळेच्या गॅदरिंगच्या पताका. कुणी नको म्हटलं तर मी भांडतो. लोकांना वाटतं, मास्तरांचं कमिशन असणार.

आणि दिवाळीच्या दिवसांत, दिवस मावळताना, मी काकूंच्या फाटकापाशी क्षणभर थांबतो. इकडे तिकडे बघतो, आपला विद्यार्थी कुणी नाही ना याची खात्री करतो, आणि हळूच म्हणतो, "काका, अजून नाही."

कडी हलायची थांबते. मग मी घरी जातो.