तीन दगडांचं इंग्रजी

लुसुंगु चाविंगा मास्तरांचं ठाम मत होतं, की अख्ख्या उत्तर मलावीत इंग्रजी शिकवावं तर ते त्यांनीच! बाकीचे मास्तर पोरांकडून शब्द घोकून घेत आणि पोरं ते शब्द सुट्टीच्या घंटेबरोबर वर्गातच टाकून घरी जात. चाविंगांनी स्वतःची पद्धत काढली होती. फळ्यावर चुलीचे तीन दगड काढायचे. पहिला दगड कोण, दुसरा कसं, तिसरा काय केलं. "एक दगड काढला की भांडं कलंडलं," ते बजावत. कुणाचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'ही' किंवा 'शी' म्हणायचं आणि त्या माणसाकडे उघडा तळहात करायचा. मास्तरांनी टाळी वाजवली की जे घडलं ते सगळ्यांनी एका सुरात सांगायचं.

मास्तर दार उघडत, टाळी वाजवत आणि सगळा वर्ग गर्जे, "ही स्लोली ओपन्ड द डोअर!"

पद्धत पोरांच्या इतकी अंगी मुरली, की ती घरीही गप्प बसेनात. एकाने जेवताना आईसमोर बापाकडे तळहात केला आणि बाप कणगीमागे लपून काय प्यायला, ते तिन्ही दगडांसकट सांगितलं. आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण पोराचा तळहात बापाकडून कणगीकडे गेलेला तिने पाहिला. त्या दिवशी बाप उपाशी झोपला. तेव्हापासून गावातले पुरुष शाळेतली पोरं दिसली की वाट बदलत.

"चाविंगा, तुझी पोरं फार बोलतात," हेडमास्तर म्झुमारा एकदा म्हणाले.

"बोलत नाहीत सर, निरीक्षण करतात."

मास्तरांचा हा तोरा असला, तरी एक काटा सलत होता. ते अजून हंगामी होते. तिवोंगेला मागणी घालायला गेले, तेव्हा तिच्या वडिलांनी शांतपणे विचारलं होतं, "हंगामी मास्तरला हंगामी बायको करून देऊ का?" त्यामुळे तपासणीला कुम्वेंडासाहेब येणार हे कळल्यापासून मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. साहेबांनी वर्ग पाहिला, मान डोलावली, की नोकरी कायम आणि तिवोंगेही कायम!

साहेब मोटरसायकलवरून आले, तेच भर दुपारी. आधी जेवण, मग वर्ग, असं ठरलं. वर्गामागच्या उघड्या छपरात न्यामुंथालीबाई कोंबडी शिजवत होत्या. आता कोंबडी कुणीही शिजवील, पण पाहुण्याच्या ताटात पेटा पडला पाहिजे. कोंबडीच्या पोटातला तो चिमूटभर गोळा, पण त्यात माणसाची सगळी इज्जत! पेट्याशिवाय कोंबडी वाढली, तर त्याचा अर्थ एकच, आम्ही तुम्हाला पुरुषात धरत नाही. याच गोष्टीवरून त्या भागात सोयरिकी मोडल्या होत्या.

मास्तर तयारी बघायला छपरात शिरले, तर न्यामुंथालीबाई पळी घेऊन पातेलं ढवळत होत्या. ढवळत होत्या म्हणजे उपसतच होत्या.

"मास्तर, पेटा नाही."

"नाही म्हणजे?"

"होता. मी पाणी आणायला गेले. आले, तर नाही."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात हेडमास्तरही आले आणि ऐकून त्यांनी आकाशपाताळ एक केलं. "कोण हा हलकट? सापडू दे, उलटा टांगतो!" असं म्हणत त्यांनी रुमालाने ओठ पुसले. "चाविंगा, नोकरी तुझी कायम व्हायचीय. बघ काहीतरी."

मास्तर छपराबाहेर आले आणि त्यांना देवच पावला. मागच्या झुडपाच्या सावलीत पाय बांधलेली एक गुबगुबीत, ठिपक्यांची कोंबडी बसली होती. हेडमास्तरांनी पालकांना कोंबडी पाठवा म्हणून निरोप दिला होताच. कुणीतरी भल्या माणसाने दुसरी पाठवली, यात मास्तरांना शंका उरली नाही. त्यांनी दोरी सोडली. न्यामुंथालीबाईंनी मान कापली, पिसं उपटली, पेटा काढला आणि उकळत्या रश्शात टाकला. उरलेली कोंबडी टोपलीखाली झाकली. साहेबांना गप्पांत गुंतवायला हेडमास्तरांनी शाळेचा इतिहास पहिल्या विटेपासून सांगितला.

ताट आलं. मक्याच्या पिठाची पांढरीशुभ्र सिमा, रस्सा आणि वर मधोमध पेटा! साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि चावायला सुरुवात केली. चावत राहिले. घाईत शिजलेला पेटा काही दबेना.

"गावठी दिसते," साहेब घास गालात ठेवून म्हणाले. "तब्येतीची कोंबडी. मलाही मागच्या शाळेने अशीच एक दिलीय बरं का. ठिपक्यांची. गाडीवर उन्हाने मरेल म्हणून तुमच्या त्या मागच्या झुडपात सावलीला बांधलीय. बायको आठवडाभर मागे लागली होती."

मास्तरांच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला. साहेब मात्र पेटा चावतच होते. स्वतःच्याच कोंबडीचा!

"पाणी सांडलं," हेडमास्तर म्हणाले. झुडपातल्या कोंबडीचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

वर्गात जाताना मास्तरांनी मनाशी पक्कं केलं, की आज दार, खिडकी आणि खडू यांच्या पलीकडे जायचं नाही. तास उरकायचा, साहेबांना गप्पांत ठेवायचं, तोवर न्यामुंथालीबाई गावातून ठिपक्यांची दुसरी कोंबडी आणतील. त्यांनी पुढची खिडकी लावली आणि टाळी वाजवली. "ही जेंटली क्लोज्ड द विंडो!" त्यांनी खडू टाकला. पोरांनी तेही बिनचूक सांगितलं. साहेब मान डोलवत होते. मास्तरांना तिवोंगे दिसू लागली.

मग साहेब उठले. "छान. पण दार-खिडक्या पाठ करता येतात. पोरांनो, आज सकाळपासून तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत, ते सांगा बघू." आणि त्यांनी स्वतःच टाळी वाजवली.

वर्गाची मागची खिडकी चुलीच्या छपराकडे उघडायची, हे मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी डोळ्यांनी, भुवयांनी, मानेने पोरांना नको नको म्हटलं. पोरांना वाटलं, मास्तर जोर देताहेत.

पहिल्या बाकावरची तेम्वा उभी राहिली. तिच्यामागे सगळा वर्ग उभा राहिला. सगळे तळहात हेडमास्तरांकडे वळले.

"ही क्वाएटली लिफ्टेड द लिड! ही हंग्रिली एट इट!"

"मीठ बघत होतो," हेडमास्तर पुटपुटले.

तळहात चाविंगा मास्तरांकडे वळले. "ही सीक्रेटली टुक द हेन!" मग खिडकीबाहेर, न्यामुंथालीबाईंच्या चुलीकडे. "शी क्विकली कट द नेक!" एकही दगड ढळला नाही. इतकं शुद्ध इंग्रजी त्या शाळेच्या छपराखाली कधी झालं नव्हतं, आणि मास्तरांना वाटत होतं, तेच छप्पर आता आपल्या डोक्यावर पडावं.

साहेब खिडकीशी गेले. झुडपाखाली नुसती दोरी होती. टोपलीखालून ठिपक्यांचं एक पीस वाऱ्यावर निघालं होतं. त्यांचा हात आपसूक पोटावर गेला.

"म्हणजे मी मघाशी..."

"हो साहेब," मास्तर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"माझ्याच कोंबडीने माझा पाहुणचार केलात? चाविंगा, तुमची नोकरी..."

पण वर्गाला कुणी थांबा म्हटलं नव्हतं. सगळे तळहात आता साहेबांकडे वळले. जेवताना मोठ्या माणसांची पाठ असताना, पण पोरांच्या डोळ्यांदेखत, साहेबांनी तंगडी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात घातली होती. खिशावर तेलाचा डाग अजून ताजा होता.

"ही केअरफुली..." वर्ग गर्जला.

"पुरे!" साहेब ओरडले. "उत्तम! कायम!"

मास्तरांना क्षणभर कळेचना. मग इतका आनंद झाला, की ते हेडमास्तरांना मिठी मारायला धावले आणि वाटेत बाकाला अडखळून पडले. पोरांनी तेही सांगितलं.

साहेबांनी जाताना शेरा लिहिला. 'या वर्गाला भूतकाळ गरजेपेक्षा जास्त येतो. यापुढे फक्त भविष्यकाळ शिकवावा.' टोपलीखालची कोंबडी बांधून घेतली, खिशावर हात ठेवला आणि गाडीला लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी कायम चाविंगा मास्तर नवा सदरा घालून वर्गात आले. आता भीती नव्हती. जे अजून घडलंच नाही, ते कुणी पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. त्यांनी ऐटीत फळ्यावर तीन दगड काढले, 'विल' लिहिलं, समजावलं आणि टाळी वाजवली.

तेम्वाने थोडा विचार केला आणि तळहात मास्तरांकडे केला. "टुमॉरो ही विल सॅडली बाय अ हेन. साहेबांच्या बाईंनी निरोप पाठवलाय, सर. जिवंत हवी, आणि पेट्यासकट."

मास्तरांनी वाक्य दोनदा मनाशी तपासलं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.